फुकट गेम डाउनलोड करताना संगणकात नेमके काय शिरते

जून २०२३ मध्ये सायबल या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना ‘सुपर मारिओ ३ : मारिओ फॉरेव्हर’ या गेमचा एक इन्स्टॉलर सापडला. मारिओच्या चाहत्यांनी तयार केलेला हा विंडोजवरचा गेम २००३ पासून फुकट मिळतो. संशोधकांच्या हाती आलेल्या फाइलमध्ये मूळ गेम होताच. फाइल चालवली की इन्स्टॉलेशनच्या नेहमीच्या पायऱ्या दिसत, गेम व्यवस्थित बसे आणि खेळताही येई. मात्र त्याच फाइलमध्ये आणखी दोन प्रोग्राम दडवलेले होते. त्यांतला एक ‘जावा’ या ओळखीच्या नावाखाली संगणकाला सतत अवघड आकडेमोड करायला लावून तिच्या मोबदल्यात हल्लेखोरांसाठी मोनेरो हे आभासी चलन मिळवू लागे; दुसरा ‘ॲटम’ नावाचा प्रोग्राम दूरच्या सर्व्हरशी संपर्क साधून तेथून ‘अंब्रल स्टीलर’ हे माहिती चोरणारे सॉफ्टवेअर आणत असे. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, लॉगिनच्या कुकी, डिस्कॉर्ड, टेलिग्राम, रोब्लॉक्स आणि माइनक्राफ्टच्या खात्यांचा तपशील, आभासी चलनाची वॉलेट, स्क्रीनची चित्रे आणि वेबकॅममधून घेतलेले फोटो, एवढे सगळे हे सॉफ्टवेअर गोळा करू शकत असे.

गेम उत्तम चालतो, म्हणूनच त्याच्यासोबत आलेला चोर लक्षात येत नाही. पुष्कळ लोकांची समजूत अशी असते की व्हायरस असेल तर संगणक बंद पडेल, स्क्रीनवर विचित्र काही तरी दिसेल, निदान गेम तरी सुरू होणार नाही. पूर्वीच्या काही व्हायरसांबाबत ते खरे होते. आज या धंद्यातल्या लोकांचा फायदा तुम्हाला संशय न येण्यात असतो, आणि म्हणून ते खरा गेम देतात. ‘मी खेळून पाहिला, काही झाले नाही’ या मित्राच्या सांगण्याला त्यामुळे फारसा अर्थ उरत नाही, कारण काही झाले की नाही हे त्यालाही कळलेले नसते.

गेमचाच आडोसा का घेतला जातो, याची कारणे व्यावहारिक आहेत. गेम खेळणाऱ्याचा संगणक बहुधा ताकदवान असतो आणि त्यात चांगले ग्राफिक्स कार्ड असते. आभासी चलन मिळवण्यासाठी परक्याच्या घरातली वीज आणि असा संगणक फुकट वापरायला मिळणे हा मोठा लाभ असतो. गेमची फाइल मोठी असते, तेव्हा तिच्यात आणखी काही मेगाबाइट आले तर कोणाच्या ध्यानात येत नाही. खेळणाऱ्यांत शाळकरी मुलांची संख्या मोठी आणि खेळण्याची उत्सुकताही मोठी, त्यामुळे इशारे वाचण्याचा धीर कमी. शिवाय आपल्याकडच्या अनेक घरांत संगणक एकच असतो. त्याच यंत्रावर दुपारी मुलगा गेम उतरवतो आणि रात्री वडील बँकेचा व्यवहार करतात किंवा आई आयकराचे विवरणपत्र भरते. मुलाच्या फाइलमधून शिरलेला प्रोग्राम घरातल्या कोणाचा पासवर्ड कोणता, असा भेद करत नाही.

फाइलवर डबल-क्लिक केल्यानंतर काय घडते, हे येथे नीट समजून घ्यायला हवे. मोबाइलवर प्रत्येक ॲपला स्वतंत्र कप्पा दिलेला असतो. एका ॲपला दुसऱ्या ॲपची साठवलेली माहिती सहसा वाचता येत नाही, आणि कॅमेरा किंवा संपर्कयादी हवी असेल तर परवानगी मागावी लागते. विंडोजवर चालणाऱ्या पारंपरिक प्रोग्रामांना, म्हणजे ज्यांच्या नावाच्या शेवटी एक्सई असते अशा फाइलींना, असे कप्पे नसतात. तुम्ही सुरू केलेला प्रोग्राम तुमच्याच अधिकाराने चालतो. तुम्हाला तुमचे फोटो, कागदपत्रे आणि ब्राउझरने तुमच्यासाठी साठवलेली माहिती उघडता येते, म्हणून त्यालाही त्या ठिकाणांपर्यंत पोहोचता येते. यासाठी त्याला कोणतीही खास परवानगी लागत नाही. ‘या ॲपला संगणकात बदल करू द्यायचे का’ असे विचारणारी चौकट येते आणि आपण ‘होय’ म्हणतो, तेव्हा त्याचे अधिकार आणखी वाढतात. मग तो अँटिव्हायरसच्या सेटिंगमध्ये ढवळाढवळ करू शकतो आणि संगणक सुरू होताच आपोआप चालू होण्याची सोय करून घेऊ शकतो. अडचण अशी की अगदी सभ्य गेमचा इन्स्टॉलरही हीच परवानगी मागतो, त्यामुळे ‘होय’ म्हणण्याची आपल्याला सवय लागलेली असते.

ओटीपी असताना पासवर्ड चोरून काय साधणार, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर कुकीत आहे. तुम्ही जीमेल किंवा फेसबुकमध्ये एकदा पासवर्ड आणि ओटीपी देऊन शिरलात की ती सेवा तुमच्या ब्राउझरकडे एक खुणेची चिठ्ठी ठेवायला देते, जेणेकरून प्रत्येक पानावर पुन्हा ओळख पटवावी लागू नये. ही चिठ्ठी म्हणजेच लॉगिनची कुकी. ती उचलून चोराने स्वतःच्या संगणकावरच्या ब्राउझरमध्ये ठेवली, तर बऱ्याचदा त्या सेवेच्या दृष्टीने तो म्हणजे तुम्हीच असता, कारण ओटीपीची पायरी तुम्ही आधीच ओलांडलेली असते. बँकांची सत्रे थोड्याच वेळात संपतात, म्हणून तेथे ही युक्ती तितकीशी चालत नाही. पण ईमेल, समाजमाध्यमे आणि गेमची खाती अनेक दिवस उघडीच राहतात. ईमेल हाती लागला की त्याला जोडलेल्या इतर खात्यांचे पासवर्ड बदलून घेण्याचा मार्ग मोकळा होतो. अशा स्टीलर सॉफ्टवेअरचा प्रसार किती आहे, याचा अंदाज एका आकड्यावरून येईल. मायक्रोसॉफ्टने मे २०२५ मध्ये सांगितले की १६ मार्च ते १६ मे या दोन महिन्यांत ‘लुमा’ या एकट्या स्टीलरची लागण झालेले ३,९४,००० हून अधिक विंडोज संगणक त्यांना आढळले.

विकतचा गेम ‘क्रॅक’ करून फुकट दिलेला असेल, तर धोका पुष्कळच वाढतो. अशी प्रत जाणीवपूर्वक वापरणे प्रताधिकार कायद्यानुसार गुन्हा आहे. येथे मात्र मला सुरक्षिततेबद्दलच बोलायचे आहे. क्रॅक म्हणजे गेमच्या मूळ फाइलींत कोणी तरी अनोळखी माणसाने केलेला बदल. त्या माणसाने आणखी काय बदलले, हे पडताळण्याचा कोणताही मार्ग सामान्य वापरकर्त्याकडे नसतो. जून २०२१ मध्ये अवास्ट कंपनीने ‘क्रॅकोनॉश’ या प्रकरणाची माहिती प्रसिद्ध केली. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’, ‘फार क्राय ५’, ‘एनबीए २के१९’ अशा गेमच्या क्रॅक प्रतींतून पसरलेल्या या प्रोग्रामने जगभरातले २,२२,००० हून अधिक संगणक गाठले होते आणि त्यांच्या बळावर त्याच्या कर्त्यांनी २० लाख डॉलरहून जास्त किमतीचे मोनेरो कमावले होते. त्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. ज्या सेफ मोडमध्ये अँटिव्हायरस चालत नाही, त्या अवस्थेत तो विंडोज सुरू करायला लावी आणि तेथे विंडोजसोबतच येणारा विंडोज डिफेंडर हा अँटिव्हायरस काढून टाकी. संगणकाच्या मालकाला दिसे ते एवढेच, की यंत्र अलीकडे संथ झाले आहे.

दुसरे प्रकरण ३१ डिसेंबर २०२४ चे. कॅस्परस्की कंपनीने त्याला ‘स्टारीडोब्री’ असे नाव दिले. ‘बीमएनजी ड्राइव्ह’, ‘गॅरीज मॉड’ यांसारख्या लोकप्रिय गेमच्या बिघडवलेल्या प्रती हल्लेखोरांनी सप्टेंबरपासूनच टोरेंटवर, म्हणजे लोक आपापसांत फाइली वाटतात त्या जाळ्यावर, ठेवल्या होत्या. पुढचे तीन-चार महिने त्या लोकांनी निर्धास्तपणे उतरवल्या आणि वर्षाच्या अखेरच्या दिवशी, लोक सुट्टीत असताना, आतला प्रोग्राम जागा झाला. संगणकाच्या प्रोसेसरला आठपेक्षा कमी कोअर (एकाच वेळी काम करणारे भाग) असतील तर चलन मिळवणारा भाग सुरूच होत नसे, म्हणजे कोणाचे यंत्र वापरायचे याचीही निवड केलेली होती. एखादा गेम दोन महिने त्रास न देता चालला, हा त्याच्या शुद्धतेचा पुरावा का मानू नये, हे यावरून कळते.

अशा फाइलींपर्यंत माणूस पोहोचतो कसा, याचे मार्ग ठरलेले आहेत. गेमचे नाव आणि पुढे ‘फ्री डाउनलोड’ असे शोधले की वरच्या निकालांत जाहिराती येतात, आणि जाहिरातीची जागा कोणीही पैसे देऊन घेऊ शकतो. यूट्यूबवर गेम कसा उतरवावा हे दाखवणारे व्हिडिओ असतात आणि त्यांच्या खालच्या मजकुरात दुवा असतो. डिस्कॉर्ड या खेळाडूंच्या गप्पांच्या ॲपवर एखादा ओळखीचा खेळाडू ‘माझा नवा गेम तपासून दे’ असा निरोप पाठवतो, आणि प्रत्यक्षात त्याचे खाते आधीच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेले असते. ज्या पानावर आपण पोहोचतो तेथे तीन-चार मोठी हिरवी बटणे असतात, त्यांतली बहुतेक जाहिरातींची. ब्राउझरच्या पट्टीतले कुलूप पाहून निश्चिंत होऊ नये. तुमचा आणि त्या संकेतस्थळाचा संवाद मधल्या मध्ये कोणी वाचू शकत नाही, एवढीच हमी ते देते. समोरचा प्रामाणिक आहे की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही.

काही सूचना मात्र अशा आहेत की त्या दिसल्याबरोबर पान बंद करावे, आणि त्यावर मी ठाम आहे. ‘इन्स्टॉल करण्याआधी अँटिव्हायरस बंद करा’ ही त्यांतली पहिली. क्रॅक प्रतींच्या जगात हे वाक्य इतके रुळले आहे की मुलांना ती इन्स्टॉलेशनची एक पायरीच वाटते. क्रॅकवर अँटिव्हायरस उगाच ओरडतो, असे स्पष्टीकरण दिले जाते. कधी कधी ते खरेही असते, आणि त्याच आडोशाने खरा व्हायरस आत जातो. दुसरी खूण म्हणजे पासवर्ड घातलेली झिप किंवा रार फाइल, जिचा पासवर्ड त्याच पानावर लिहिलेला असतो. जो पासवर्ड सगळ्यांना सांगितला आहे तो गुप्ततेसाठी नसतो. ब्राउझर, ईमेल सेवा आणि अँटिव्हायरस यांना बंद फाइलच्या आत पाहता येऊ नये, यासाठी तो घातलेला असतो. तिसरी खूण २०२४ पासून फार पसरली आहे. ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा’ असे म्हणणारी चौकट येते, आणि चित्रे निवडायला सांगण्याऐवजी विंडोजचे बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही दाबा, मग एंटर करा, असे सांगते. तुमच्या नकळत त्या पानाने एक आज्ञा कॉपी करून ठेवलेली असते आणि या तीन कृतींनी ती तुम्ही स्वतःच्या हाताने चालवता. क्रॅक गेम शोधणाऱ्यांना अशाच बनावट चौकटीवर नेऊन लुमा स्टीलर बसवला जात असल्याचे मॅकॅफीच्या संशोधकांनी सप्टेंबर २०२४ मध्ये दाखवून दिले होते. कोणतेही खरे संकेतस्थळ ओळख पटवण्यासाठी असे करायला सांगत नाही.

मग फुकट गेम घ्यावेत कुठून? सुदैवाने प्रामाणिकपणे फुकट मिळणारे गेम भरपूर आहेत. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात फुकट गेमचा मोठा विभाग आहे, एपिक गेम्स स्टोअर वेळोवेळी विकतचे गेमही काही दिवसांपुरते फुकट देते, आणि जीओजी या तशाच दुकानातही फुकट गेम असतात. मुक्त स्रोत गेमची तर वेगळीच श्रीमंती आहे: ‘झिरो एडी’ हा प्राचीन साम्राज्यांचा गेम, ‘द बॅटल फॉर वेस्नॉथ’, रेल्वे आणि वाहतुकीचे जाळे उभारायला लावणारा ‘ओपन टीटीडी’, लहान मुलांना आवडणारा ‘सुपर टक्स कार्ट’. हे सगळे त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवर कायम फुकट असतात, त्यांत जाहिराती नाहीत आणि त्यांचा कोड कोणालाही वाचता येतो. डॉसच्या काळातले गेम पुन्हा खेळावेसे वाटले, तर इंटरनेट आर्काइव्हवर असे हजारो गेम ब्राउझरमध्येच चालतात. काही उतरवावे लागत नाही, त्यामुळे धोकाही फार कमी. एखाद्या गेमचे अधिकृत संकेतस्थळ कोणते, हे शोधयंत्रातल्या जाहिरातीऐवजी त्या गेमच्या विकिपीडियावरच्या लेखातून किंवा निर्मात्याच्या जुन्या, ओळखीच्या खात्यावरून पाहणे बरे.

प्रसिद्ध ठिकाणेही पूर्णपणे निर्धोक नाहीत, हे सांगणे भाग आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘पायरेटफाय’ नावाचा फुकट गेम खुद्द स्टीमवर आला आणि त्यात विदार हा स्टीलर निघाला. तो काढून टाकल्यावर स्टीमने तो खेळणाऱ्यांना संगणकाची पूर्ण तपासणी करण्याचा, जमल्यास विंडोज नव्याने टाकण्याचा सल्ला दिला. गेममध्ये भर घालणाऱ्या मॉडचेही तसेच. जून २०२३ मध्ये माइनक्राफ्टच्या मॉडसाठी नावाजलेल्या कर्सफोर्जवरच्या काही मॉडमध्ये ‘फ्रॅक्चरायझर’ नावाचा घातक प्रोग्राम मिसळला गेला होता. तरीही स्टीम आणि एखादे अनोळखी पान यांत मोठा फरक आहे. स्टीमवर गोष्ट उघडकीस आल्यावर ती काढली गेली आणि ज्यांनी गेम घेतला होता त्यांना कळवले गेले. अनोळखी पानावरून घेतलेल्याला कळवणारे कोणी नसते. कालच आलेला, मोजक्याच लोकांनी पाहिलेला गेम लगेच घेण्याऐवजी काही आठवडे थांबावे, एवढी सवय लावली तरी यातली बरीच जोखीम टळते.

फाइल उतरवली असेल आणि अजून उघडली नसेल, तर तपासायला वेळ आहे. विंडोजमध्ये फाइलींच्या नावांचे शेवट दिसतील असे सेटिंग आधी करून घ्यावे, कारण एरवी ‘गेम डॉट पीडीएफ डॉट एक्सई’ हे नाव ‘गेम डॉट पीडीएफ’ एवढेच दिसते. त्यानंतर फाइल व्हायरसटोटल या संकेतस्थळावर टाकावी. २००४ मध्ये स्पेनमध्ये सुरू झालेली आणि २०१२ पासून गूगलकडे असलेली ही फुकट सेवा एकच फाइल सत्तरच्या आसपास अँटिव्हायरसकडून एकाच वेळी तपासून घेते. निकाल वाचताना तारतम्य हवे. सत्तरांतल्या एखाद-दोघांनीच शंका घेतली आणि ती नावे फारशी ओळखीची नसतील, तर ती चुकीची असू शकते. पंधरा-वीस जणांनी शंका घेतली तर फाइल पुसून टाकावी. सगळे हिरवे दिसले तरी ती पक्की ग्वाही नव्हे, कारण आजच तयार केलेला प्रोग्राम अजून कोणाच्या यादीत नसतो. शिवाय तेथे ६५० मेगाबाइटपेक्षा मोठी फाइल चढवता येत नाही, आणि हे हल्लेखोरांनाही ठाऊक असते. ‘विंडोजने तुमच्या संगणकाचे संरक्षण केले’ अशी निळी चौकट आली तर तिचा अर्थ ही फाइल फारशी कोणी वापरलेली नाही किंवा तिच्यावर ओळखीची डिजिटल स्वाक्षरी नाही, असा असतो. एकट्याने काम करणाऱ्या प्रामाणिक निर्मात्याच्या गेमवरही ती येते, तेव्हा फाइल थेट त्याच्याच संकेतस्थळावरून घेतली आहे का, हे त्या क्षणी पुन्हा पाहावे.

घरातल्या सामायिक संगणकावर सर्वांत जास्त उपयोगी पडणारा उपाय अगदी साधा आहे, आणि तोच बहुतेक घरांत केलेला नसतो. विंडोजमध्ये मुलांसाठी वेगळे, साधे खाते उघडावे आणि ॲडमिनचा, म्हणजे पूर्ण अधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड मोठ्यांकडे ठेवावा. साध्या खात्यातून सुरू झालेला प्रोग्राम दुसऱ्या खात्यातले साठवलेले पासवर्ड सहजासहजी वाचू शकत नाही, आणि इन्स्टॉलरने वाढीव अधिकार मागितले की मुलाला मोठ्यांना बोलवावेच लागते. बोलावणे आले की रागावू नये, इशारा मुलासोबत वाचावा. रागावले तर पुढच्या वेळी मूल तीच फाइल मित्राच्या लॅपटॉपवर चालवते. डिफेंडरमधले ‘टॅम्पर प्रोटेक्शन’ चालू असल्याची खात्री करावी, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामला डिफेंडर बंद करणे अवघड जाते. बँकेचा पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवू नये. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार, म्हणजे नेहमीची सुरक्षा अद्यतने, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हेही ध्यानात असावे. विंडोजची प्रो आवृत्ती असेल तर तिच्यात ‘विंडोज सँडबॉक्स’ नावाची तात्पुरती बंदिस्त खिडकी मिळते, जी बंद केली की आतले सगळे पुसले जाते. छोटा इन्स्टॉलर आधी तेथे चालवून पाहता येतो, मात्र होम आवृत्तीत ही सोय नाही.

संशयास्पद फाइल चालवली गेलीच, तर पहिल्यांदा त्या संगणकाचे इंटरनेट तोडावे. पंखा जोरात फिरतो का, यंत्र तापते का, याची वाट पाहत बसू नये. ती लक्षणे चलन मिळवणाऱ्या प्रोग्रामची आहेत, स्टीलरचे काम मात्र काही मिनिटांत आटोपते आणि मागे काही खूणही राहत नाही. पुढची कामे दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून करावीत, कारण त्याच संगणकावर नवा पासवर्ड टाकला तर तोही जाईल. सर्वांत आधी ईमेलचा पासवर्ड बदलावा आणि ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्याय वापरावा; त्याने चोरलेल्या कुकी निकामी होतात. मग बँक, समाजमाध्यमे आणि गेमची खाती. खात्यातून पैसे गेले असतील तर बँकेला कळवून लगेच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा किंवा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे पुढच्या खात्यात रोखले जाण्याची शक्यता जास्त. गेम क्रॅक केलेला होता म्हणून संकोचाने गप्प बसण्यात नुकसानच आहे. संगणक साफ करण्यासाठी डिफेंडरची ऑफलाइन तपासणी करता येते आणि भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची फुकट साधनेही आहेत.

फाइलला ‘होय’ म्हणून ॲडमिनचे अधिकार दिले असतील, तर माझ्या मते नुसत्या साफसफाईवर विसंबू नये आणि विंडोज नव्याने टाकावे. त्याआधी फोटो आणि कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर घ्यावीत. परत आणताना तेवढेच आणावे. एक्सई फाइली, झिप केलेले इन्स्टॉलर आणि गेमचे फोल्डर जुन्या संगणकावरून उचलू नयेत, ते अधिकृत ठिकाणाहून पुन्हा उतरवावेत.